केशोरीच्या दगडावरची रिकामी ओळ

कोल्हापूरहून सुटणारी एक गाडी आमच्या कोरेगाववरून जाते आणि राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गोंदियाला जाऊन थांबते. लहानपणापासून मी ती पाहत आलेय, पण डब्यावरच्या पाटीतलं शेवटचं नाव कधी मनावर घेतलं नव्हतं. आमच्या लेखी गोंदिया म्हणजे गाडी संपते ती जागा. तिथेही माणसं राहतात, जेवतात, भांडतात, याचा विचार कोण करत बसतंय. यंदा दिवाळी झाल्यावर मी त्या गाडीत बसले आणि शेवटपर्यंत गेले.

मी शिवणकाम करते. कोरेगावात माझं दुकान आहे, शाळेचे गणवेश शिवते. त्यामुळे माणूस दिसला की आधी त्याची शिलाई पाहायची आणि मग तोंड, ही माझी खोड. शिवाय तोंडाने फटकळ आहे, असं घरचे म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको.

ज्या कामासाठी गेले तेही आधीच सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, प्रादेशिक सेनेत होते. प्रादेशिक सेना म्हणजे राखीव शिपाई. एरवी आपापला धंदा करायचा, दरवर्षी महिना-दोन महिने शिबिरात जाऊन कवायत करायची, आणि लढाईचं वारं सुटलं की बोलावणं येईल तिथे हजर व्हायचं. तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. आमच्या गावात घरटी एक फौजी. त्यात तात्यांना सगळे ‘दोन महिन्यांचा फौजी’ म्हणत आणि हसत. तात्याही हसत, पण त्यानंतर जेवताना दोन घास कमी खात.

एकाहत्तरच्या लढाईच्या आधी त्यांची तुकडी एका रेल्वे पुलाच्या पहाऱ्यावर होती. तिथे एका पहाटे तात्या पुलावरून खाली पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि जन्मभर ते लंगडत चालले. आम्ही घरात ऐकत आलो ती हकिकत अशी, की भंडाऱ्याकडच्या केशोरी गावचा धनीराम नावाचा शिपाई एक दिवस उशिरा हजर झाला. का, तर त्याचा गणवेश नाटकवाल्यांनी नेला होता. त्याच्या वाटचा पहारा तात्यांनी आपला संपल्यावर लागोपाठ केला आणि थकून तोल गेला. आई त्या धनीरामला ‘नाटक्या’ म्हणायची आणि थंडीत तात्यांचा पाय दुखायला लागला की त्याला शिव्या घालायची. मीही तिच्याच सुरात सूर मिसळला.

यंदा आषाढात तात्या गेले. जाण्याआधी आठवडाभर मला जवळ बसवून म्हणाले, “मंगल, तो दुसरा पहारा नव्हता. माझाच होता. मला डोळा लागला.” पहाऱ्यावर झोप लागणं हा फौजेत गुन्हा. इस्पितळात साहेबाने विचारलं तेव्हा ‘लागोपाठ दुसरा पहारा होता’ असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि वेळेवर न आलेला माणूस आयता मिळाला. तात्या म्हणाले, “धनीरामला समोर जाऊन सांग. पत्राने नको.”

मला तात्यांचा भयंकर राग आला. आई परक्या माणसाला शिव्या देत देत गेली आणि हे समोर बसून भाकरी मोडत राहिले. पण मरणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी हो म्हटलं.

केशोरी आता गोंदिया जिल्ह्यात येतं. तिथल्या ग्रामपंचायतीत फोन लावला, तात्या गेले आणि मला धनीरामला भेटायला यायचंय असं सांगितलं. दोन दिवसांनी धनीरामकाकांच्या मुलीचा, रेखाचा, फोन आला. ती म्हणाली, “ताई, तुम्ही याच. गावात फौजींच्या नावाचा दगड लावून राहिले. बाबा आपलं नाव घालू देत नाहीत. म्हणतात, माझ्यापायी एक माणूस लंगडा झाला. तुम्ही एवढंच म्हणा की तुमच्या वडिलांनी माफ केलं.” मी ‘येते’ म्हणून फोन ठेवला. माफी कुणी कुणाची मागायची, हे तिला फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही.

गोंदिया आणि कुडवा

गोंदियाला उतरले तर फलाटावर एक उंच, वाळका म्हातारा माझ्याच डब्यासमोर उभा. पांढरा पायजमा, वर कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाची शिलाई हाताने घातलेली, पण टाके एकसारखे. “तू तात्यांची मंगल ना?” म्हणाला. मी विचारलं, “कसं ओळखलंत?” तर म्हणाला, “तुह्या बापासारखीच रागावल्यावाणी उतरली.”

म्हणजे हाच तो नाटक्या. मी वाकून नमस्कार केला, आणि करताना आईची आठवण आली. त्यांनी माझी पिशवी काढून घेतली. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण पिशवी द्यायला काही तयार नाहीत.

स्टेशनाबाहेर सगळा कारभार हिंदीत. रिक्षावाला म्हणाला, “दीदी, किधर?” मी मराठीत सांगितलं, तो हिंदीतच बोलत राहिला, काका इकडच्या झाडीबोलीत बोलले, आणि तिघांचंही काम अडलं नाही. आमच्याकडे पुण्याचा पाहुणा ‘कुठं’ऐवजी ‘कुठे’ म्हणाला तरी आम्ही कान टवकारतो. इथे तिन्ही भाषा एकाच रिक्षात बसून जातात.

रेखा शहराला लागून असलेल्या कुडव्यात राहते. पुढच्या खोलीत किराण्याचं छोटं दुकान, मागे घर. तिने जेवायला वाढलं: भात, लाखोळीची डाळ, बारीक मासोळीचा रस्सा आणि तांदळाचीच रोटी. भाकरीवर वाढलेल्या बाईला भाताबरोबर तांदळाची रोटी म्हणजे एकाच कापडाला त्याच कापडाचं अस्तर. पण रस्सा असा काही झणझणीत होता की मी तीनदा भात घेतला. काका म्हणाले, “मिरची केशोरीची आहे, बाई. हळू घे.” तोवर उशीर झाला होता आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काका बाहेर गेल्यावर रेखा म्हणाली, “बाबा कालच येऊन बसले होते स्टेशनावर. मी म्हटलं, गाडी उद्या आहे. तर म्हणे, असू दे. लग्न असो, दवाखाना असो, बाबा एक दिवस आधी पोचतात. माह्या सासरचे हसतात. माह्या बाळंतपणालेही एक दिवस आधी येऊन बसले होते, आता बोला.” तीही हसत होती. मग तिचं हसणं थांबलं आणि ती म्हणाली, “ताई, तुम्ही बोलसान ना?”

मी भांडी उचलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा पिताना डोक्यावरून एक लहानसं विमान गेलं. थोड्या वेळाने तेच परत आलं, मग पुन्हा. जवळच बिरसीला विमानतळ आहे, तिथे विमान चालवायला शिकवतात. शेजारची बाई म्हणाली, रोज तेच, नुसतं तेल जाळून राहिले. काका वर बघत म्हणाले, “लोकांले वाटते, कायले घिरट्या घालून राहिले. आमाले पण हेच म्हणत. शिबिरात जाऊन काय करतेस, तर लेफ्ट-राइट. दरसाल तेच लेफ्ट-राइट. पण जवा काम पडते तवा शिकायले टाइम नसते, बाई. तवा पायाले आपसूक आलं पाहिजे.”

‘दोन महिन्यांचा फौजी’ म्हणून हसणाऱ्यांना आमच्या गावात कुणी असं उत्तर दिलं नव्हतं, तात्यांनी स्वतःही नाही. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं.

अर्जुनीच्या वाटेवर

रेखाही आमच्याबरोबर केशोरीला निघाली. अर्जुनीपर्यंत रेल्वे आणि पुढे जीप. काकांच्या तरुणपणी या मार्गावर छोटी गाडी चालायची, अगदी खेळण्यातल्यासारखी, आणि ती दिवसातून एखाददुसरीच असे. आता रूळ मोठे झाले आहेत.

खिडकीबाहेर धानाची कापणी चालली होती. आमच्याकडे ज्वारीचं रान उभं असलं की माणूस त्यात दिसेनासा होतो. इथे धान कंबरेएवढं, त्यामुळे वाकलेल्या बायकांच्या रांगा लांबून दिसतात. शेताच्या लहान लहान तुकड्यांना हे लोक बांधी म्हणतात. कापलेल्या धानाचे भारे रचून मोठाले ढीग घातले होते, ते पुंजणे. मधूनच तळं, त्यात पांढरे बगळे, आणि त्यापलीकडे लगेच जंगल.

काका म्हणाले, “बोलावणं आलं तवा असंच होतं. अर्ध धान कापून, अर्ध उभं. आई म्हणे, चार दिवस थांब. म्या म्हटलं, आई, सरकारची तार आहे.”

“मग धान कुणी कापलं?”

“शेजारच्या मडावीनं. त्याच्या घरचे सगळे आले. ते जंगलाच्या कामावर जाणारे लोक, स्वतःची बांधी एवढीशी. आपली कापायची ठेवून आधी माही कापली, बांधली, पुंजणा घातला. मी तिकडं पुलावर उभा होतो, तो इकडं माह्या बांधीत उभा होता. त्याले कोण फौजी म्हणते, सांग.”

आमच्याकडे कामाची फेड कामाने करतात, त्याला पैरा म्हणतात. मी विचारलं, मग त्या मडावींची फेड कशी केलीत. काका म्हणाले, “त्याच्या पोरीच्या लग्नात मांडव टाकायले गेलो. एक दिवस आधी.” रेखाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

काका स्वतःहून तात्यांविषयी बोलू लागले. शिबिरात तात्यांनी त्यांना बुटाला चमक कशी आणायची ते शिकवलं होतं. घरची आठवण आली की तात्या त्यांना पत्र लिहून देत, कारण तेव्हा काकांना लिहिणं नीट येत नव्हतं. “तुहा बाप नाईक होता आमचा, दोन पट्ट्यांचा. माहा मोठा भाऊच म्हण,” म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसले. तात्यांचा निरोप तोंडात घोळत होता आणि दर स्टेशनाला मी तो पुढच्या स्टेशनावर ढकलत होते.

केशोरी

केशोरी हे खेडं म्हणावं तर मोठं आहे. चौकात ग्रामपंचायतीसमोर चौथरा बांधलेला आणि त्यावर काळा दगड उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अनावरण होतं. अकरा नावं कोरून झाली होती. बाराव्या ओळीच्या जागी खडूची नुसती रेघ होती. कारागीर चौथऱ्यावर बसून बिडी ओढत होता. सरपंचबाई आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, “आल्या का? बरं झालं. आता तुमीच समजवा यायले. उद्या दहाला कार्यक्रम आहे, आणि हे काही ऐकून नाही राहिले.” म्हणजे माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. मी आहे तरी कोण, तर माफी घेऊन आलेली बाई.

दुपारी काकांच्या ओसरीवर बाबुराव आले. हे झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणारे जुने नट, काकांचे बालमित्र. दात उरले नाहीत, पण आवाज चौकापर्यंत जाईल असा. या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हणजे नाटक हवंच. “तो ड्रेस मीच नेला होता,” त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

मी म्हटलं, “आमच्याकडे फौजीच्या गणवेशाला घरातली बाईसुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाही. तुम्ही नाटकाला दिलात कसा?”

काका म्हणाले, “आता यात कसा काय? आठ-दहा गावांत तसा ड्रेस एकच होता, माहा. नाटकात शिपाई असला तर तो काय धोतर नेसून येईल?”

इथे ही गोष्ट इतकी सरळ होती, की मीच काहीतरी चुकीचं विचारलं असं मला वाटलं. बाबुरावांनी पुढचं सांगितलं. तार आली तेव्हा ते दोन गावं पलीकडे मंडईत होते. काका सायकलवर त्यांच्या मागे निघाले. पहिल्या गावी पोचले तर मंडळी पुढच्या गावाला गेलेली. पुढच्या गावी पोचले तर गणवेश धुऊन वाळत टाकलेला. आणि त्याहून मोठी पंचाईत पुढेच होती.

“मी त्याले जर लावली होती,” बाबुराव म्हणाले. “खांद्यावर सोनेरी जर, कॉलरले जर, बाहीले तीन पट्टे. नाटकात मी मेजर होतो ना. साध्या शिपायाले टाळ्या कोण देईल?”

मी कपाळावर हात मारला. ओला ड्रिल कापडाचा गणवेश आणि त्यावर पक्क्या दोऱ्याने शिवलेली जर. शिपायाने मेजर बनून हजर व्हायचं म्हणजे सरळ कोठडी. ती उसवायला किती वेळ गेला असेल ते दुसरं कुणी मला सांगायला नको. काकांनी दाढीच्या पात्याने एकेक टाका काढला. तोवर छोटी गाडी निघून गेली, पुढची दुसऱ्या दिवशी. तुकडीत पोचले तेव्हाही बाहीवर टाक्यांची भोकं दिसत होती आणि कॉलरच्या आत जरीचा एक तुकडा राहिला होता. सुभेदाराने तो चिमटीत धरून सगळ्यांसमोर उचलला.

“आणि परत आल्यावर?” मी विचारलं.

“परत आल्यावर पुन्हा याच्याच जवळ दिला,” काका म्हणाले. “नाटक थोडी बंद पाडता येते. फक्त जर लावू दिली नाही.”

आम्ही तिघं हसलो. मग बाबुराव हसायचे थांबले आणि मला म्हणाले, “बाई, चूक माही होती. याचं नाव दगडावर येऊ द्या. मी मरायच्या आधी वाचून घेतो.” काका उठून आत गेले.

उन्हं कलल्यावर काकांनी मला त्यांची बांधी दाखवायला नेलं. धान कापून झालं होतं, नुसती धसकटं उभी होती. आम्ही बांधावर बसलो. काका म्हणाले, “तात्या पडल्यावर तीन महिने त्याचा पहारा मी माह्या पहाऱ्यावर जोडून केला. कोणी सांगितलं नव्हतं. मंग पंधरा वर्षं शिबिर चुकवलं नाही. पण शाळेत पंधरा ऑगस्टले फौजींना पुढं बसवतात, तवा मी मागं उभा राहतो. माह्या वाटचं दुखणं त्यानं घेतलं. तो माफ करून गेला असन तर तू सांग. मी दगडावर नाव घालू देतो.”

आता खरं सांगते. त्या क्षणी ‘केलं माफ’ एवढंच म्हणायचा मोह मला झाला. किती सोपं होतं ते. रेखा खूश, सरपंचबाई खूश, दगडाची ओळ भरलेली, आणि तात्यांचं नाव जसंच्या तसं स्वच्छ. दोन शब्दांत सगळं बेतात बसत होतं. पण हा माणूस पन्नासवर वर्षं शाळेच्या मैदानात मागे उभा राहिला होता. त्याच्या माथी आणखी एक खोटं मारायचं आणि वर त्याने माझे आभार मानायचे, हे मला जमेना.

मी म्हटलं, “काका, तो पहारा तुमच्या वाटचा नव्हता. तात्यांचा स्वतःचाच होता. साहेबाला ते खोटं बोलले. मरताना मला सांगितलं, जाऊन सांग म्हणून. माफ करायला नाही, माफी मागायला आलेय मी.”

झोप लागल्याचं मी सांगितलं नाही. तेवढं मी तात्यांसाठी मागे ठेवलं.

काकांनी जवळचं एक धसकट उपटलं. मग म्हणाले, “पन्नासच्या वर साल झाले. एक कार्ड टाकायले काय झालं होतं त्याले?”

मी साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं काढत बसले.

“मी तीन कार्डं टाकली होती. लिहायले शिकलो तेच त्याच्यासाठी. माफ कर म्हणून लिहिलं. तीनही पोचली असतील ना?”

पोचलीच असणार. तात्यांनी ती वाचून काय केली, ते मला माहीत नाही. “काका, मला लाज वाटते,” मी म्हटलं, आणि ती खरोखरच इतकी वाटत होती की मान वर होईना. ते उठले आणि एकटेच बांधाबांधाने निघून गेले.

घरी आल्यावर रेखाने माझं तोंड पाहिलं आणि काय झालं विचारलं. काकांना सांगितलं तेवढं तिलाही सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने दोन-तीनदा लाकडं उगाच आत सरकवली आणि म्हणाली, “म्हणजे बाबा फुकटच मागं उभे राहिले इतके साल?” जेवताना काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त माझ्या ताटात मिरचीचा ठेचा वाढू लागल्यावर रेखाला म्हणाले, “तिले नको. तिले सोसत नाही.”

दगडाचा दिवस

सकाळी उठले तर काका घरात नव्हते. रेखा आणि मी चौकात गेलो. काका चौथऱ्याजवळ उकिडवे बसले होते आणि कारागिराची छिन्नी चालू होती. सरपंचबाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, “नावाआधी ‘वीर’ घाला. सगळ्यायच्या आधी घातलं आहे.” काका म्हणाले, “मले वीर नको. शिपाई लिहा. आणि खाली प्रादेशिक सेना लिहा, पूर्ण. लोकांले वाचता आलं पाहिजे.” कारागीर म्हणाला, जागा पुरणार नाही, अक्षर बारीक करावं लागेल. “करा बारीक,” काका म्हणाले.

कार्यक्रम दहाचा होता, तो साडेअकराला सुरू झाला. माईक दोनदा बंद पडला, तेव्हा बाबुरावांनी उठून माईकशिवायच सगळी नावं वाचली. ज्याचं नाव घेतलं तो, किंवा त्याच्या घरचं कुणीतरी, पुढे येऊन दगडाला फूल वाहत होतं. बारावं नाव आलं. काका पुढे गेले. फूल वाहिल्यावर मागे आपल्या जागी न जाता पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. आमच्या गावात फौजीच्या नावाने कमानी आहेत, पुतळे आहेत, मिरवणुका निघतात. त्यातलं काहीच पाहताना माझे डोळे कधी भरले नव्हते. इथे एक म्हातारा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि मला पदर लावावा लागला.

माझी परतीची जीप दुपारची होती. काका थांब्यापर्यंत आले. अजून माझ्याशी नीट बोलले नव्हते. आम्ही पिंपळाखालच्या पारावर बसलो. रेखा मला द्यायला मिरच्या बांधून आणायला घरी गेली होती.

काका समोर बघत म्हणाले, “एक विचारू? दुसरा पहारा नव्हता तर मंग तो पडला कसा? तुहा बाप मांजराच्या पायाचा माणूस होता.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “डोळा लागला होता त्यांना,” मी म्हटलं. “कठड्याला टेकून उभे होते.”

काकांनी मान हलवली.

“याच्यासाठी खोटं बोलला?” ते म्हणाले. “मले विचारायचं होतं त्यानं. त्या पुलावर पहाटे थंडी अशी राहे का उभा माणूस झोपे. आमी सगळे शेतातून, दुकानातून उठून गेलेले लोक. मले पण लागला होता डोळा, त्याच कठड्याले टेकून. मी आतल्या अंगानं पडलो, बाई. तो बाहेरच्या अंगानं पडला.”